जोडीचा टायर आणि जुना सर्व्हर

(एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातला अडखळा काढलाय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

ज्या घरात एक कॉम्प्युटरवाला मुलगा असतो, त्या घराला काही सांगायची गरज नाही. मी जळगावचा, बी.टेक. झालेला, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि सध्या घरूनच काम चालू आहे. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस कंपनीचे आणि उरलेले दोन दिवस नातेवाइकांचे. प्रिंटर चालत नाही, लावा फोन. टीव्हीला वायफाय लागत नाही, लावा फोन.

आजची गोष्ट अशाच एका फोनची आहे. विषय आहे जुन्या सर्व्हरमध्ये दुसरा पॉवर सप्लाय बसवणं. ऐकायला कोरडा वाटतो, मला माहितीये. पण आजकाल बरीच पोरं सेकंड हँड सर्व्हर घेतात. कोणी शिकायला घरी ठेवतं, कोणी क्लासच्या किंवा दुकानाच्या कामासाठी. मोठ्या कंपन्या पाच-सात वर्षं वापरून मशीन काढतात आणि ती आपल्याकडे स्वस्तात येतात. मशीन दणकट असतात, पण त्यांच्यासोबत जे समजून घ्यायला हवं ते कोणी देत नाही. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

तर, माझे मामा धुळे जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये दिवाणजी आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. दिवाळीनंतर सीझन भरात असतो. शेतकऱ्याची पिकअप किंवा ट्रॅक्टर येतो, आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, मग गाडी आवारात खाली होते, मग रिकाम्या गाडीचं वजन होतं. भरलेल्यातून रिकामी वजा केली की कापूस किती ते कळतं. त्यावर पट्टी बनते, पट्टीवर पैसे मिळतात. आणि हे भरलेलं वजन मधल्या वेळात कुठे राहतं? ऑफिसातल्या एका डब्यात. मामा सर्व्हरला डबाच म्हणतात.

डबा म्हणजे डेल पॉवरएज आर ७२०. २०१२ साली आलेलं मॉडेल. मालकांनी कुठूनतरी सेकंड हँड घेतला होता. चांगलं मशीन आहे, आजही वजनकाटा, हिशोब, स्टॉक सगळं आरामात सांभाळतं.

एका सकाळी मामांचा फोन. "अरे राजा, लाईट आहे, यूपीएस चालू आहे, जनरेटरमध्ये डिझेल आहे, पण डबा मेला. दिवाच लागत नाही."

मी म्हटलं केबल काढून परत लावा. लावली. दुसऱ्या सॉकेटला लावा. लावली. शेवटी मी बस पकडली. एरंडोल, पारोळा करत दोन-अडीच तासांनी पोचलो तर गेटबाहेरपर्यंत गाड्यांची रांग. काट्याचा आकडा दिसत होता, म्हणून मामांनी वहीत वजनं लिहायला सुरुवात केली होती. त्यामुळे नव्या गाड्यांचं काम निघत होतं. अडकल्या होत्या त्या आधीच्या गाड्या. त्यांचं भरलेलं वजन डब्यात गेलेलं, आणि त्यातली एक पिकअप तर खाली पण झाली होती. कापूस ढिगात मिसळला होता. आता ढिगातून त्या माणसाचा कापूस वेगळा कसा काढणार?

मी सर्व्हरच्या मागची बाजू बघितली. पॉवर सप्लायच्या दोन जागा. एकीत सप्लाय, दुसरीवर नुसतं झाकण. आहे तो सप्लाय बाहेर ओढला तर पंख्याच्या तोंडाशी रुईचा बोळा. अक्षरशः गादीत भरता येईल इतका. जिनिंगच्या हवेत कापसाचे तंतू उडत असतातच. पंखा गुदमरला, आतली गरमी वाढत गेली आणि सप्लाय गेला.

बघा, इथे एक गोष्ट पकडा. आपल्याकडे वीज म्हटली की सगळं लक्ष लाईट जाण्याकडे असतं. त्यासाठी यूपीएस घेतो, इन्व्हर्टर घेतो, जनरेटर घेतो. मालकांनीही तिन्ही घेतलं होतं. पण हे सगळं येऊन थांबत होतं एकाच सप्लायवर. तो गेला की मागे कितीही डिझेल असू दे.

वापरलेला दुसरा सप्लाय दुसऱ्या दिवशी नाशिकहून पार्सलने आला. सर्व्हर चालू झाला. सगळ्या गाड्यांची वजनं सापडली, एक सोडून. आणि ती एक म्हणजे नेमकी खाली झालेली पिकअप. का? तर सर्व्हर डिस्कवर लिहायच्या आधी माहिती थोडा वेळ रेड कार्डाच्या मेमरीत ठेवतो. अचानक वीज गेली तर ती टिकावी म्हणून कार्डावर छोटी बॅटरी असते. जुन्या सर्व्हरमध्ये ही बॅटरी हमखास मेलेली असते. बॅटरी मेली की कार्ड स्वतःहून सावध होतं आणि थेट डिस्कवर लिहायला लागतं, पण काम हळू होतं. म्हणून कोणीतरी कधीतरी "बॅटरी नसली तरी मेमरीतच ठेव" अशी सेटिंग करून ठेवली होती. त्या शेवटच्या काही क्षणांतलं वजन गेलं ते गेलंच.

तो शेतकरी दुसऱ्या दिवशी परत आला. मालक माणूस बरा आहे. त्याच गाडीच्या आधीच्या फेरीचं वजन होतं, साधारण चौदा क्विंटल. मालक म्हणाले तेच धरू. शेतकरी म्हणत होता, यावेळी जास्त दाबून भरला होता. शेवटी थोडं वाढवून मिटलं. पण जाताना तो मामांना एवढंच म्हणाला, "भाऊ, कापूस माझा, अन् वजन तुमच्या डब्यात. असं कसं चालेल?"

मामा गप्प. मी पण गप्प. परत येताना बसमध्ये मी ठरवलं की दुसरा सप्लाय बसवायचा.

आता मुद्द्याचं. दोन सप्लायवाला सर्व्हर म्हणजे काय? आतमध्ये दोन्ही सप्लाय एकाच बोर्डाला वीज देतात आणि भार वाटून घेतात. एक गेला की दुसरा त्याच क्षणी सगळा भार उचलतो, सर्व्हरला झटकाही बसत नाही. चालू सर्व्हरमधून एक काढून नवा टाकता येतो, त्याला हॉट-स्वॅप म्हणतात. आर ७२० काय किंवा एचपीचे जुने डीएल ३८० काय, ही सोय त्यात मुळातच असते. विकणारे बरेचदा एकच सप्लाय घालून देतात. म्हणून विकत घेताना मागून फोटो मागवा आणि झाकण मोजा.

एक इशारा. साध्या डेस्कटॉपच्या डब्यात दोन सप्लाय वायरी जोडून एकत्र करायचा व्हिडिओ बघून प्रयोग करू नका. सर्व्हरच्या सप्लायमध्ये भार वाटून घ्यायची आणि मेलेल्या सप्लायकडे वीज उलटी जाऊ न द्यायची यंत्रणा असते. डेस्कटॉपच्या सप्लायमध्ये ती नसते. एकच सप्लाय असलेल्या मशीनसाठी ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच मिळतो. त्याला दोन ठिकाणची वीज देता येते आणि एक गेली की तो दुसरीवर जातो. पण मशीनचा स्वतःचा सप्लाय मेला तर तो काही करू शकत नाही.

मी तीन चुका केल्या. त्या सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिली चूक. जुना सप्लाय ७५० वॉटचा होता. मला ११०० वॉटचा स्वस्तात मिळाला. म्हटलं मोठा आहे, चांगलाच असेल. लावला. हिरवा दिवा लुकलुकला आणि विझला. सर्व्हरने त्याला जोडीदार म्हणून घेतलंच नाही. दोन्ही सप्लाय एकाच जातीचे लागतात. वॉट एक, प्रकार एक, आणि शक्यतो पार्ट नंबर एक. पार्ट नंबर सप्लायवरच्या स्टिकरवर असतो. आधी चालू सप्लायच्या स्टिकरचा फोटो काढा, मगच ऑर्डर द्या.

आणि वॉट किती हवेत? नियम सोपा आहे. एकट्या सप्लायला सगळा सर्व्हर ओढता आला पाहिजे. आमचा सर्व्हर कामात असताना साधारण दोनशे ते अडीचशे वॉट घेतो, म्हणजे ७५० चा एकटा सप्लाय भरपूर झाला. पण कोणाच्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर, भरपूर डिस्क आणि वर ग्राफिक कार्ड असेल, तर हिशोब करा. दोघं मिळून भार उचलतात आणि एकट्याला झेपत नाही, अशी जोडी असेल तर ती जोडी नाहीच. एक पडला की दुसरा पण पडणार.

बसवायची रीत. आधी बॅकअप. चालू सर्व्हरला हात लावण्याआधी बॅकअप, हे लिहून ठेवा. मग झाकण काढा, सप्लाय सरळ आत सरकवा, कट्ट आवाज येईपर्यंत. त्यानंतर केबल लावा आणि हिरवा दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. आणि दुसरा सप्लाय घेणार नसाल तर ते झाकण फेकू नका. उघड्या जागेतून हवा भलतीकडे जाते आणि आतली गरमी वाढते. जळगावच्या मे महिन्यात, पंचेचाळीसच्या वर पारा गेल्यावर, तेवढं पण महाग पडतं.

दुसरी चूक. बरोबर जातीचा सप्लाय आला, बसवला, दोन हिरवे दिवे, मी खूश. दोन्ही केबल लावल्या कुठे? त्याच यूपीएसला. पंधरा दिवसांनी यूपीएसची बॅटरी बसली, लाईट गेली, आणि दोन्ही सप्लाय हातात हात घालून बंद. मामांचा फोन आला, "अरे राजा, दोन होते ना?"

दोन होते, पण बसले होते एकाच फांदीवर.

इथे खान्देशातली वीज जरा समजून घेऊ. आमच्या भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. पाचशे-पाचशे मेगावॉटचे दोन संच आहेत, शिवाय बाकीचे. तिकडे साक्रीला मोठा सौर प्रकल्प आहे. तरी घरची लाईट जाते, आणि माणसं म्हणतात दिव्याखाली अंधार. पण दीपनगरची वीज उच्च दाबाच्या तारांनी राज्याच्या ग्रिडमध्ये जाते. आपल्या गल्लीची लाईट जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या टप्प्यात. उपकेंद्रातून निघणारा अकरा केव्हीचा फीडर, आपली डीपी, आणि डीपीवरचा फ्यूज. वादळात केळी आडवी होतात तशी एखादी तार पण पडते. कधी पूर्ण लाईट जात नाही, एकच फेज जाते. शेजारी पंखा फिरतोय आणि आपल्याकडे अंधार, हे सगळ्यांनी पाहिलंय.

म्हणून दुसऱ्या सप्लायचा खरा फायदा केबलच्या दुसऱ्या टोकाला आहे. सप्लाय अ एका यूपीएसवर, सप्लाय ब दुसऱ्या यूपीएसवर. दोन यूपीएस वेगवेगळ्या सर्किटवर, वेगवेगळ्या एमसीबीवर. जमलं तर वेगवेगळ्या फेजवर. पण हे शेवटचं काम स्वतः करू नका. दोन फेजच्या मध्ये चारशेच्या वर व्होल्ट असतात, आणि ते एकाच टेबलाखाली आणणं हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम आहे. दोन्हीचं अर्थिंग नीट असणं पण त्याच्याकडूनच तपासून घ्या. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, तिथे पाणी टाकायचं असतं. आमच्याकडे पाणी टाकायचं सगळ्यांना माहीत होतं आणि टाकत कोणीच नव्हतं.

दोन यूपीएसचं बजेट नसेल तर? एक सप्लाय यूपीएसवर आणि दुसरा थेट लाईटवर. यूपीएस बिघडला तर लाईट आहे, लाईट गेली तर यूपीएस आहे. पूर्ण सुरक्षा नाही, पण एकाच बोर्डावर दोन्ही लावण्यापेक्षा कितीतरी बरं. थेट लाईटच्या बाजूला सर्ज प्रोटेक्टर मात्र लावा.

घरचा इन्व्हर्टर चालेल का, हे पण विचारतात. दोन गोष्टी बघा. एक, तो शुद्ध साईन वेव्ह देणारा हवा. जुने चौकोनी वेव्हवाले इन्व्हर्टर सर्व्हरच्या सप्लायला मानवत नाहीत. दुसरी, लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला लागणारा वेळ. वीज तुटली की सप्लाय आपल्या पोटातल्या साठ्यावर साधारण दहा ते वीस मिलिसेकंद तग धरतो. आपली वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे तिची एक फेरी वीस मिलिसेकंदांची. एवढ्यात इन्व्हर्टर आला पाहिजे. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा.

आणि यूपीएसचा भार. दोन यूपीएस असतील तर दोन्ही रोज निम्म्याच्या खाली चालले पाहिजेत. कारण एक गेला की दुसऱ्यावर सगळं येणार. "जागा आहे" म्हणून कोणीतरी त्यावर प्रिंटर लावतं, मोबाईल चार्जर लावतं, आमच्याकडे तर एकाने टेबल फॅन लावला होता. लेझर प्रिंटर तर अजिबात नको, तो सुरू होताना एकदम भार ओढतो.

हे सगळं केलं. दोन यूपीएस, दोन सर्किट, रेड कार्डाला नवी बॅटरी, ती खतरनाक सेटिंग बंद. पुढच्या जागेला बारीक जाळी बसवली, ती दर आठवड्याला झटकायची. मग मी मामांसमोर चालू सर्व्हरची अ केबल उपसली. मामांनी डोळेच मिटले. काहीही झालं नाही. परत लावली, हिरवा दिवा आला, मग ब उपसली. काहीही झालं नाही. मामा म्हणाले, "आता टेन्शन नाही."

हीच माझी तिसरी चूक. मला पण वाटलं आता टेन्शन नाही.

काही महिन्यांनी सहज गेलो होतो, जेवायला. ऑफिसात डोकावलो तर मागे एक दिवा हिरवा आणि एक पिवळा, लुकलुकणारा. ब सप्लाय मेलेला. कधीपासून? लॉग काढला तर सात आठवडे झाले होते. सात आठवडे सर्व्हर एकाच सप्लायवर चालू होता, म्हणजे आम्ही जिथून सुरुवात केली तिथेच परत. आणि कोणाला पत्ता नाही, कारण काम तर चालू होतं ना. रात्रीच्या वॉचमनला विचारलं, तुम्हाला दिसला नाही का पिवळा दिवा? ते म्हणाले, "दिसला ना भाऊ. मला वाटलं चार्जिंग चालू आहे."

त्यांची काय चूक? मोबाईलवर आपण हेच शिकलोय.

मला त्या दिवशी खरं काय ते कळलं. एकच सप्लाय असतो तेव्हा तो मेला की गावभर बोंब होते. दोन असतात तेव्हा पहिला मेला की शांतता. दुसरा सप्लाय तुम्हाला वाचवतो, आणि वाचवता वाचवता पहिला मेल्याची बातमी पण दाबून टाकतो. ती बातमी बाहेर काढायची सोय केली नसेल, तर दुसऱ्या सप्लायने तुम्ही फक्त तारीख पुढे ढकलली.

परतीच्या वाटेवर धुळ्याला हायवेच्या ढाब्यावर चहा प्यायला थांबलो. धुळं म्हणजे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हायवे जिथे भेटतात ते गाव, ट्रकांना काय तोटा. एक ट्रक येऊन थांबला, क्लिनर खाली उतरला आणि टॉमी घेऊन मागच्या टायरांवर ठोकत निघाला. ठक, ठक, ठक, धप. धप आवाज आला तिथे थांबला आणि ड्रायव्हरला हाक मारली.

मी बघतच राहिलो. ट्रकच्या मागच्या बाजूला टायर जोडीने असतात. जोडीतला एक बसला तरी शेजारचा भार घेतो, ट्रक चालत राहतो, ड्रायव्हरला स्टिअरिंगवर काही कळत नाही. पण शेजारचा आता दोघांचा भार ओढतोय, तापतोय, आणि थोड्या वेळाने तो पण फुटेल. हे क्लिनर मंडळींना कोणत्याही कॉलेजने शिकवलेलं नाही. ते दर थांब्याला टॉमी मारतात. आम्ही दोन लाख लाईनींचा कोड लिहितो आणि पिवळा दिवा बघायला विसरतो.

ही चूक फक्त छोट्या जिनिंगची नाही, बरं का. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाईट गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईकडे वीज आणणाऱ्या चारशे केव्हीच्या एकापेक्षा जास्त वाहिन्या आहेत, एक गेली तर दुसरी सांभाळते. पण त्या सकाळी त्यातल्या काही आधीच बंद होत्या. शहर चालू होतं, दिवे चालू होते. मग उरलेल्यांवर भार आला, आणखी एक ट्रिप झाली आणि सगळं बसलं. जोडीचा टायर आधीच बसलेला होता.

मग आता आम्ही काय करतो? तीन गोष्टी.

पहिली, सर्व्हरने स्वतः बोलायचं. डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक नावाचा छोटा वेगळा कॉम्प्युटरच असतो, एचपीमध्ये त्याला आयएलओ म्हणतात. तो सप्लाय, पंखे, तापमान सगळ्यावर लक्ष ठेवतो. तिथे पॉवरच्या सेटिंगमध्ये रिडन्डन्सी चालू करा आणि इशाऱ्याचा मेल लावा. तिथेच हॉट स्पेअर नावाची एक सेटिंग दिसेल. ती चालू असेल तर भार कमी असताना एक सप्लाय डुलकी घेतो आणि गरज पडली की जागा होतो. त्यामुळे एकावर भार शून्याजवळ दिसला तर लगेच घाबरू नका. लिनक्स असेल तर आयपीएमआय-टूल ही फुकट मिळणारी कमांड सप्लायची तब्येत सांगते. मी दर पाच मिनिटांनी ती चालवणारी दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. गडबड दिसली की मामांच्या आणि माझ्या टेलिग्रामवर मेसेज येतो.

दुसरी, ती स्क्रिप्टच मेली तर? म्हणून रोज सकाळी नऊला मेसेज येतो: "अ ठीक, ब ठीक." एखाद्या सकाळी मेसेज आलाच नाही तर तोच इशारा. मामा चहासोबत तो मेसेज बघतात. आला नाही की नऊ वाजून पाच मिनिटांनी मला फोन.

तिसरी, टॉमी. महिन्यातून दोनदा केबल उपसायची. तारीख कोण लक्षात ठेवणार? मामांनीच उपाय काढला. अमावस्येला आवक कमी असते, त्या दिवशी अ. पौर्णिमेला ब. आधी बॅकअप झालाय का ते बघायचं, मग केबल काढायची, दहा मिनिटं चालू द्यायचं, परत लावायची, हिरवा दिवा आला की वहीत लिहायचं. यूपीएसची बॅटरी पण त्यातच तपासली जाते, कारण त्या दिवशी यूपीएसची भिंतीवरची केबल पण पाच मिनिटं काढतो.

एक सांगून ठेवतो, गैरसमज नको. दोन सप्लाय म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क गेली, कोणी चुकून फाईल उडवली, व्हायरस आला, तर चार सप्लाय असले तरी उपयोग नाही. ती वेगळी काळजी, तिचा वेगळा एपिसोड करू.

आणि अजून एक बदल झाला. तो सांगायला मला जरा लाज वाटते, कारण तो सर्वात स्वस्त होता आणि मला सुचला नव्हता. भरलेल्या गाडीचं वजन झालं की लगेच एक छोटी चिठ्ठी छापून शेतकऱ्याच्या हातात देतात, गाडी खाली व्हायच्या आधी. आधी फक्त शेवटी पट्टी छापायचे. हे सुचवलं मामांनी. मी दोन सप्लाय, दोन यूपीएस, दोन सर्किट करत बसलो होतो, आणि वजनाची दुसरी प्रत मात्र शेतकऱ्याच्या खिशात असायला हवी होती.

पुढच्या सीझनला तो पिकअपवाला परत आला, असं मामा सांगत होते. चिठ्ठी घेतली, उलटसुलट करून बघितली, घडी घालून टोपीत ठेवली. बोलला काहीच नाही.

परवा अमावस्या होती. मी मुद्दाम फोन केला नाही, म्हटलं बघू आठवतं का. दुपारी मामांच्या वहीचा फोटो आला. जमाखर्चाचीच वही, लाल कापडी पुठ्ठ्याची. आवक, जावक, डिझेल, चहा, आणि त्याखाली त्यांच्या अक्षरात: "डबा, अ केबल काढली. चालू राहिला. परत लावली."

तुमच्याकडे असा डबा असेल तर आज एवढंच करा. त्याच्या मागे जा, धूळ पुसा आणि दिवे मोजा. पिवळा दिसला तर चार्जिंग समजू नका.

भेटू पुढच्या एपिसोडला. तोपर्यंत काळजी घ्या.